दबोराबाई आणि होल हार्टवाले

खैरमळ्याच्या देवळात दबोराबाई ओहोळांच्या शेजारची जागा रिकामीच राही. ईस्टरला लोक दारात उभे राहत, पण त्या बाकावर टेकायला कोणी धजत नसे. बाईंच्या शेजारी बसून गायचं म्हणजे परीक्षेला बसल्यासारखं होतं. सूर घसरला की त्या मान वळवून बघत. कोणाची प्रार्थना लांबली की घसा खाकरत. देवाला 'हे प्रभू, हे प्रभू' असं दर दोन शब्दांनी हाका मारणारा कोणी उठला, तर शेजारच्या रांगेला ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणत, "तो ऐकतोय की. बहिरा थोडाच हाय?"

खैरमळा हे मांडवगण फराट्याच्या पुढं, भीमेच्या अलीकडं वसलेलं लहानसं गाव. गोऱ्या मिशनऱ्यांनी बांधलेलं दगडी देऊळ, त्यामागं कबरस्तान आणि चहूकडून ऊस. देवळाचे पाळक, म्हणजे धर्मगुरू, दौंडला राहत. त्यांच्याकडं आणखी चार गावांच्या मंडळ्या होत्या, म्हणून महिन्यातून एकदा येऊन ते प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस देऊन जात. बाकीचे दिवस मंडळी पंचांच्या ताब्यात. पंच म्हणजे मुख्यतः विश्वजीत साळवे. हा शिरूरला प्लॉट विकायचा धंदा करी आणि देवळात पांढरा सफारी घालून पहिल्या बाकावर बसे. दबोराबाईंच्या मते त्याच्या भक्तीला फक्त इस्त्री होती.

बाई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होत्या. निवृत्त झाल्यावर वर्ग सुटला, पण आवाज सुटला नाही. तरुणपणापासून त्या खैरमळ्यातलं संडे स्कूल चालवत. सगळ्यात मोठी आज्ञा कोणती, हा त्यांचा आवडता धडा. देवावर पूर्ण मनानं, पूर्ण जिवानं, पूर्ण बुद्धीनं, पूर्ण शक्तीनं प्रीती करायची. पोरं हे घडाघडा म्हणून दाखवत. मग बाई विचारत, "पूर्ण म्हंजी किती?"

"खूप, बाई."

"चूक. खूप म्हंजी खूप. पूर्ण म्हंजी काहीच न उरणारं." आणि मग त्या आपल्या लहानपणच्या मिशन बोर्डिंगातली गोष्ट सांगत. कारल्याची भाजी असली की काही पोरं फोडी भाकरीखाली सरकवून ठेवत आणि ताट दाखवून म्हणत, संपलं. "तसली प्रीती देवाला नको. त्याला भाकर उचलून बघता येती."

या धड्यावर त्यांचा फार विश्वास होता. गावातल्या एकेकाच्या ताटात कोणतं कारलं दडलेलं आहे, हे त्यांना पाठ होतं. विश्वजीतच्या भाकरीखाली प्लॉट होते, पाळकांच्या भाकरीखाली आळस होता. स्वतःचं ताट त्या रोज घासत. निदान त्यांची तशी समजूत होती.

त्यांचा धाकटा भाऊ जोएल. आई लवकर गेल्यामुळं दबोराबाईंनीच त्याला वाढवलेलं. त्याचा आवाज गोड होता. नाताळात तो गायला उभा राहिला की कबरस्तानाच्या भिंतीपलीकडं उसाला पाणी धरणारे गडीसुद्धा थांबत. पुढं त्याला रांजणगावच्या एका कारखान्यात नोकरी लागली आणि त्यानं शिक्रापुरात बिऱ्हाड केलं. बायको वारली, लेक जस्मिन मोठी होत होती, आणि अशात त्याला होल हार्टवाले भेटले.

शिक्रापूरच्या हमरस्त्यावर, टायरच्या दुकानाच्या वरच्या हॉलमध्ये केविन नावाच्या तरुण पास्टरनं एक मंडळी काढली होती. 'होल हार्ट फेलोशिप', म्हणजे पूर्ण हृदयवाल्यांची संगत. देवळाला घंटा नाही, कबरस्तान नाही, पण स्पीकर असे की खाली उभ्या ट्रकच्या काचा थरथराव्यात. येणारे बहुतेक कारखान्यांतले कामगार. कोणी ओडिशाचा, कोणी झारखंडचा, काही आपल्याकडचे. जोएलचा गळा तिथं हातोहात उचलला गेला.

दबोराबाईंनी पाटीवरचं नाव वाचलं आणि म्हणाल्या, "होल म्हंजी भोक. काळजाला भोक पडलेल्यांची मंडळी."

हा विनोद खैरमळ्यात इतका चालला की पाळकांनीही तो दौंडला नेला.

जोएलनंही कसर ठेवली नाही. खैरमळ्याची मंडळी मेलेली आहे, असं तो म्हणू लागला. तिथं देवाला अर्धं मन देतात आणि उरलेलं पंचांच्या निवडणुकीला. हे खोटं नव्हतं, पण खरं बोलण्याचा मक्ता आपल्याकडं आहे असं दबोराबाईंना वाटे, म्हणून त्यांना ते झोंबलं. तरी इथवर भांडण बहीणभावांचंच होतं. जेवायला तो आला की त्या दोन शब्द लागट बोलत आणि चार भाकऱ्या जास्त वाढत.

मग त्यांचे यजमान शमुवेल आजारी पडले. एसटीत मेकॅनिक असलेला, कमी बोलणारा माणूस. मूत्रपिंडं निकामी झाली आणि दौंडला डायलिसिसच्या फेऱ्या सुरू झाल्या. जोएल केविनला घेऊन आला. दोघांनी शमुवेलच्या डोक्यावर हात ठेवून मोठमोठ्यानं प्रार्थना केली. निघताना जोएल म्हणाला, "दाजी, पूर्ण विश्वास ठेवा. मशिनची गरज पडणार न्हाई."

शमुवेल हसले आणि दुसऱ्या दिवशी मशिनवर गेले. वर्षभरानं वारले.

पुरून आल्यावर देवळाच्या ओट्यावर लोक चहा पीत होते. जोएल कोणाला तरी सांगत होता, आणि त्याचा आवाज दबल्या बोलण्यातही खणखणीतच होता, "दाजी भला माणूस. पण विश्वास कमी पडला. देवाला पूर्ण मन दिलं असतं तर आज उभे असते."

दबोराबाईंच्या हातात कपबशी होती. त्यांनी ती शांतपणे खाली ठेवली. "ऊठ," त्या म्हणाल्या. "या गावात पुन्हा पाय ठेवू नको."

"आक्का, मी वाईट अर्थानं..."

"चल."

तो गेला. त्यानंतर पाच-सहा वर्षं भावाबहिणीत शब्द नव्हता. जस्मिनचा फोन येई, बाई तिच्याशी बोलत. 'पप्पा विचारत होते' असं तिनं म्हटलं की इकडून फोन बंद होई. पण जोएलचं ते वाक्य त्यांनी जपून ठेवलं. 'विश्वास कमी पडला.' स्वयंपाक करताना, देवळाच्या वाटेवर त्या ते मनात घोळवत. कधीतरी जोएलवरही वेळ येईल, आणि आपण त्याच्या उशाशी जाऊन हे त्याचं त्याला परत करू. त्या विचारानं त्यांना भारी समाधान मिळे. एखादा दिवस प्रार्थना चुकली, पण हे चुकलं नाही.

वेळ आली ती उन्हाळ्यात. सकाळी कामावर जाताना शिक्रापूरच्या चौकात जोएलची छाती भरून आली. ट्रकांची रांग, त्यात अँब्युलन्स अडकलेली. दवाखाना समोर दिसत असताना माणूस गेला. काळीज बंद पडलं होतं. काळजाच्या भोकाचा विनोद खैरमळ्यात ज्यांनी ज्यांनी केला होता त्यांना तो त्या सकाळी आठवला.  जस्मिननं फोनवर सांगितलं तेव्हा दबोराबाईंनी गॅस बंद केला, आणि फोन हातात धरून खुर्चीत बसून राहिल्या.

दुपारी जस्मिनचा पुन्हा फोन. "आत्या, हे लोक पप्पांना न्यायलाच देईनात. ते उठतील म्हणून प्रार्थना चाललीय."

"उठतील?"

"पास्टर म्हणाले, पूर्ण मनानं मागितलं तर..."

"त्या केविनला म्हणावं, एवढा उकाडा हाय. मन पूर्ण असू दे, बर्फ पूर्ण हाय का बघ."

होल हार्टवाल्यांनी दुपारभर हॉलमध्ये प्रार्थना केली. जोएल उठला नाही. मग आवाज बसले आणि एक साधा प्रश्न उभा राहिला, तो इतक्या वर्षांत एकाच्याही डोक्यात आला नव्हता. पुरायचं कुठं? स्पीकर होते, प्रोजेक्टर होता, ढोल होता. जमीन नव्हती. पुण्याला विचारून झालं, नगरच्या बाजूला विचारून झालं. जो तो म्हणे, माणसाच्या मूळ मंडळीत न्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी केविन आणि जस्मिन खैरमळ्याला आले. पंच देवळाच्या ओट्यावर जमले होते. दबोराबाई पंच नव्हत्या, पण त्यांना खुर्ची ठेवली होती, तीही मधोमध. हे काय चाललंय ते बाईंच्या ध्यानात आलं. आज त्यांचा सत्कार होता.

केविननं जीन्सवर काळा कोट घातला होता. घामानं तो भिजला होता. "प्रेझ द लॉर्ड," तो म्हणाला.

"सलाम," विश्वजीत म्हणाला. "बोला. मेलेल्या मंडळीत कसं काय येणं केलं?"

ओट्यावर हशा पिकला. दबोराबाईही हसल्या. खोटं कशाला सांगावं, त्यांना गंमत वाटत होती. केविन मराठी-हिंदीची खिचडी करत माफी मागत होता, 'वो सब बोलने की बात थी' म्हणत होता, आणि बाई त्याच्या व्याकरणाच्या चुका मोजत होत्या. स्टेजवर सिंहासारखा डरकाळ्या फोडणारा माणूस माइकशिवाय किती छोटा दिसतो, असं त्यांच्या मनात आलं.

"आम्ही पाळकसाहेबांना फोन केला," विश्वजीत म्हणाला. "ते म्हणाले, पंच ठरवतील ते. पंचांचं म्हणणं असं की जागा कमी आहे. उसवाले दरवर्षी बांध कोरतात. उरलेली जागा मंडळीच्या माणसांची. जोएलराव सोडून गेले, आपल्या पायांनी गेले."

"तुम्ही बांध धरून ठेवला असता तर जागा उरली असती," दबोराबाई म्हणाल्या. तेवढं बोलल्याशिवाय त्यांना राहवेना.

विश्वजीतनं ते न ऐकल्यासारखं केलं आणि आवाज मऊ केला. "आणि खरं सांगू का, आम्ही हे दबोराबाईंसाठी करतोय. बाईंचा अपमान झाला तो याच ओट्यावर. शमुवेलमामांना मातीत ठेवून आम्ही आलो, आणि हा माणूस काय बोलला ते सगळ्यांनी ऐकलं. बाईंच्या मनाला काय वाटेल? बाईंनीच आम्हांला शिकवलं, देवावर पूर्ण मनानं प्रीती करा. ही पूर्ण मनानं प्रीती करणाऱ्यांची जागा आहे. अर्ध्यात उठून जाणाऱ्यांची नाही."

सगळे बाईंकडं बघू लागले. जस्मिन बघत नव्हती. ती पायरीवर बसून चपलेच्या टोकानं माती उकरत होती. रडली नव्हती, विनवलं नव्हतं. बापासारखंच ताठ नाक.

दबोराबाईंना एकदम किळस आली. विश्वजीतची आली, ते नेहमीचंच. हा त्यांच्या वर्गात असताना अर्धंच पाठ करून यायचा आणि उरलेलं पुढच्या पोराच्या आवाजात मिसळायचा. आज त्यांचाच धडा तो त्यांनाच म्हणून दाखवत होता, सफारीला चुणी न पाडता. पण किळस तिथं थांबेना. ती पुढं सरकली आणि त्यांच्या स्वतःच्या अंगावर आली. हे लोक 'नाही' म्हणायला बाईंचं नाव वापरत होते, आणि ते नाव किती बेमालूम बसत होतं! गेली पाच-सहा वर्षं जे वाक्य त्या मनात जपत होत्या, त्याच्यावर हे पंच आता फळी टाकून उभे होते. भाकर उचलली गेली होती. खाली कारलं होतं, चांगलं मोठं, रोज तेलमीठ लावून ठेवलेलं. आणि आपण गावाला ताटं दाखवत फिरत होतो.

'अर्धवट म्हातारी,' त्या मनात स्वतःला म्हणाल्या. त्यांच्या तोंडी याहून जड शिवी नव्हती.

"विश्वजीत," त्या म्हणाल्या, "मोठी आज्ञा सांगितलीस. तिच्यासारखीच दुसरी कोणती?"

"बाई, आता इथं..."

"शाळेतपण हेच करायचास. शेजाऱ्यावर प्रीती. ती येत न्हाई म्हणून पहिली मोठ्यानं म्हणायची. बस खाली." आणि मग पंचांकडं वळून, "जोएल मला आवडत न्हाई. जिता होता तवा आवडत नव्हता, मेला म्हणून गोड झाला न्हाई. पण पूर्ण मन म्हंजी पूर्ण. जोएलएवढा कोपरा कापून बाजूला ठेवला आन् उरलेलं देवाला दिलं, असं जमत न्हाई. मला जमत होतं असं वाटलं. न्हाई जमलं."

"पण बाई, जागा..." एक पंच पुटपुटला.

"शमुवेलच्या शेजारी माझी जागा हाय. तवाच तुम्ही सगळ्यांनी दिली, आन् मी दगड लावून घेतला. ती जागा माझी. तिथं मी जोएलला ठेवणार. बसू दे दोघांना भांडत, पुनरुत्थानापर्यंत."

"बाई, नियमात..." विश्वजीत म्हणाला.

"नियम मला शिकवू नको. तुझ्या प्लॉटांचे नियम शिरूरला काय चाललेत ते मी या ओट्यावर उभी राहून सांगू का?"

विश्वजीतला काय चाललंय ते ठाऊक होतं. बाईंना नव्हतं. पण त्यानं पंचांना हातानंच खूण केली, ठेवू द्या.

खड्डा काढायचं काम गेणबाकडं असे. तो मंडळीतला नव्हता, खैरमळ्याच्या वस्तीवरचा, पण त्याच्या बापानंही इथंच कबरी खोदल्या होत्या. उन्हाळ्यानं मुरूम दगडासारखा झाला होता. होल हार्टची पोरं टेम्पोतून उतरली, रंगीत टी-शर्टं, पांढरे बूट. गेणबानं त्यांच्याकडं एकदा बघितलं.

"यांच्यानं हुतंय व्हय?" तो दबोराबाईंना म्हणाला.

"तोंडानं डोंगर हलवत्यात. पहार देऊन बघ."

ओडिशाच्या एका पोरानं बूट काढले आणि पहार घेतली. तो खोदत राहिला. मग दुसरा उतरला. गेणबा काठावर बसून तंबाखू मळत त्यांना कुठं मारायचं ते सांगू लागला. बाईंना त्या पोरांबद्दलही काहीतरी तिखट सुचत होतं, पण त्यांच्या हातांना फोड आलेले दिसले तेव्हा त्यांनी घरातून पाण्याचा हंडा आणला आणि तो हलकेच ठेवला नाही, आपटला.

जोएलला आणलं तेव्हा पंचांपैकी एकच आला, तोही मागं उभा. केविननं प्रार्थना केली, या वेळी छोटी. मग गायची वेळ आली. खैरमळ्यात कबरेवर जे जुनं मराठी गीत म्हणतात ते होल हार्टवाल्यांपैकी एकालाही येईना. त्यांची सगळी गाणी विजयाची, टाळ्यांची. उघड्या खड्ड्यापुढं ती तोंडातून निघेनात. माणसं नुसती उभी राहिली. दबोराबाईंनी मनात म्हटलं, पूर्ण हृदय घेऊन फिरतात आणि रडायला एक ओळ ठेवली नाही.

मग त्यांनीच सुरुवात केली. आवाज फुटका होता. हे गीत त्यांनी जोएलला शिकवलं होतं, तो कमरेएवढा होता तेव्हा, आणि तो पहिल्याच वेळी त्यांच्यापेक्षा चांगला गायला होता. त्यांना त्याचा रागच आला होता. आता त्या सगळी कडवी एकट्या गायल्या. जस्मिननं शेवटच्या कडव्याला सूर धरला. बापाचाच गळा.

माती टाकायची पाळी आली. बाईंनी मूठ भरली आणि त्या काठाशी वाकल्या. ते वाक्य त्यांच्या जिभेवर होतं. इतकी वर्षं जपलेलं, आणि आता जागाही बरोबर, वेळही बरोबर, तोही समोर. 'विश्वास कमी पडला रे.' हळूच बोलल्या असत्या तरी चाललं असतं, कोणाला ऐकू गेलं नसतं. त्या वाकलेल्या तशाच राहिल्या. लोकांना वाटलं, कंबर धरली.

शेवटी त्या शमुवेलच्या दगडाकडं बघून म्हणाल्या, "अहो, जरा सरका." आणि मूठ सोडली.

घरी गेल्यावर त्या खूप रडल्या. कोणासाठी, ते त्यांनी कोणाला सांगितलं नाही.

पंचांनी पुढच्याच महिन्यात संडे स्कूल त्यांच्याकडून काढून घेतलं. 'बाईंचं वय झालं' असं विश्वजीतनं देवळात जाहीर केलं आणि शाल दिली. बाईंनी शाल तिथंच उलगडून बघितली, कापड चांगलं नाही म्हणाल्या आणि गेणबाच्या बायकोला देऊन टाकली. वर्ग आता विश्वजीतची सून घेते. पोरं खेळतात, चित्रं रंगवतात. पूर्ण म्हणजे किती, हे कोणी विचारत नाही.

शिक्रापूरचा हॉल अजून चालतो. स्पीकर वाढले. जस्मिननं हट्ट केला म्हणून बाई एकदा जाऊन आल्या. टायरच्या दुकानाचा जिना चढून त्या वर गेल्या, मागच्या खुर्चीवर कानांत बोटं घालून बसल्या. ज्यांनी खड्डा काढला ती पोरं येऊन पाया पडली. त्यांतल्या एकाला त्यांनी विचारलं, हाताचे फोड बरे झाले का. बाकी सगळं त्यांना भिकार वाटलं आणि ते त्यांनी परतीच्या एसटीत बसल्या बसल्या जस्मिनला फोनवरून सांगितलं.

त्यांच्या प्रार्थना मात्र आता आखूड झाल्या होत्या. पूर्वी त्या देवाला गावाचा अहवाल देत. आता विश्वजीतचं नाव घेताना दात-ओठ खायचे थांबत नव्हते, म्हणून ते नाव त्या अगोदर उरकून टाकत.

गेणबानं एकदा विचारलं, "बाई, तुमची जागा तर गेली. तुमाला कुठं?"

"उसात फेक. मेल्यावर मला निवडानिवड कशाला?"

"आसं कसं म्हनता?"

"बरं, मग मोकळी जागा दिसंल तिथं. पण विश्वजीतच्या बापाशेजारी नको."

नाताळाच्या आदल्या आठवड्यात केविन केक घेऊन खैरमळ्याला आला. काळा कोट नव्हता, साधा शर्ट होता. बाईंनी केकचा तुकडा तोंडात टाकला आणि कोरडा आहे म्हणून सांगितलं. तो चुळबुळत बसला. मग म्हणाला, "आंटी, वो गाना... कबरेवरचं. आमच्यात कोणाला येत नाही. मला शिकवाल?"

"आधी 'आंटी' म्हणायचं बंद कर."

"बाई."

"हां. पाठ ताठ कर. आन् डोळे मिटून हात वर करायचे न्हाईत, इथं कोणी बघायला न्हाई."

तो गाऊ लागला. पहिल्या ओळीतच सूर घसरला. बाईंनी मान वळवून बघितलं, आणि म्हणाल्या, "पुन्हा."